तुटलेली नस, विकर आणि मिलिमीटरचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास पवन, नाणे आणि आंदर मावळात भातकापणी चालू असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी भात अनेक खाचरांत आजही विळ्यानेच कापला जातो. विळा मनगटावर बसला तर जखम वरून लहान दिसते, पण आत अंगठ्याला बळ देणारी नस कापलेली असू शकते. दुसरा धोका जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने त्या लोणावळा, कामशेत, तळेगावातूनच धावतात. पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळेच फाटते.

तुटलेल्या नसेचा पुढचा भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवले. मात्र हातापायांतल्या नसांना पुन्हा वाढता येते. मेलेल्या भागातला कचरा साफ होतो, तंतूंना आधार देणाऱ्या श्वान पेशी रांगेत उभ्या राहतात आणि मागचे तंतू जुन्या नळ्यांतून पुढे सरकू लागतात. या नळ्यांच्या अस्तरातले लॅमिनिन हे प्रथिन तंतूंना पुढे नेते. अडचण अशी, की तिथेच कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शर्करासाखळ्या असलेली प्रथिने लॅमिनिनला झाकून बसतात. पाट शाबूत, पण गाळाने बुजलेला.

हा गाळ काढते कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे विकर. ते प्रोटियस वल्गॅरिस या जिवाणूपासून मिळते आणि त्या साखळ्या तोडते. फ्लोरिडा विद्यापीठात डेव्हिड म्यूर यांच्या गटाने उंदरांच्या पेशीविरहित नसेच्या तुकड्यांना हे विकर लावले, तेव्हा तंतू त्यांत अधिक सहज शिरले. ते काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत दात्याची नस पेशीमुक्त करून, या विकराने धुऊन, जोडणीसाठी वापरात आली. मला हा मार्ग सर्वांत शहाणा वाटतो, कारण शरीराच्या उष्णतेत हे विकर लवकर निकामी होते. तुकड्यावर त्याचे काम शरीराबाहेरच उरकते.

महाराष्ट्रात नसेचा सखोल अभ्यास झाला तो कुष्ठरोगामुळे. मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया आणि संशोधक डॉ. व्ही. पी. शेट्टी यांनी या रोगातल्या नसांवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९७ चा. कुष्ठरोगात तर नसेच्या आतच वण धरतो, आणि वणातून वाट काढणे हाच इथलाही प्रश्न आहे.

तरीही काळाला विकर हरवू शकत नाही. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतचे ७ सेंटिमीटर काही महिन्यांत पार होतात. मानेपासून तळहातापर्यंतच्या ७० सेंटिमीटरना जवळजवळ दोन वर्षे लागतील, आणि नसेवाचून स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होत जातो. म्हणून वाया गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

सूज उतरायला मिळणाऱ्या ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनच्या गोळ्याही विकरांच्याच, पण त्यांनी तुटलेली नस जुळत नाही. मनगट कापले तर टाके पडण्याआधीच बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का, बोटे फाकतात का, अंगठा करंगळीला टेकतो का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. यातले एक जरी जमत नसेल तर काही दिवसांच्या आत हाताच्या शल्यविशारदाला गाठा.