घरभाड्याचे उत्पन्न व दुरुस्तीचा खर्च : आयकराचा नियम



परदेशीपुरा ही मिल कामगारांची जुनी वस्ती. येथील अनेक कुटुंबांनी घराच्या एक-दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत व कित्येक वृद्धांचा चरितार्थ त्या भाड्यावरच चालतो. गच्चीची गळती, गिलावा, रंगकाम यांचा खर्च आयकरात वजा होतो काय, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. त्यासाठी हे अल्पसे विवेचन.

मूळ नियम

वर्षभराच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला नगर निगमचा संपत्तिकर प्रथम वजा करावा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी सरसकट सूट मिळते. दुरुस्ती, भाडेवसुली इत्यादी सर्व खर्च तीतच धरलेला असतो. ही सूट २००१ च्या वित्त अधिनियमाने आली असून आयकर अधिनियम, २०२५ मध्येही कायम आहे.

उदाहरण

मासिक भाडे १०,००० रुपये, म्हणजे वार्षिक १,२०,००० रुपये. संपत्तिकर ५,००० रुपये वजा जाता १,१५,००० रुपये उरले. त्याचे ३० टक्के ३४,५०० रुपये. करपात्र उत्पन्न ८०,५०० रुपये. दुरुस्तीस ६०,००० रुपये लागले तरी सूट ३४,५०० रुपयेच. एक पैसाही खर्च झाला नाही तरी तेवढीच. पावत्या नाहीत म्हणून सूट न घेणे हे स्वतःचे नुकसान होय. तसेच खोटी बिले जोडणे निरर्थक व दंडास पात्र आहे.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

१) संपत्तिकर भाडेकरूने भरला असल्यास मालकास तो वजा करता येत नाही.

२) दुरुस्तीसाठी कर्ज काढले असल्यास भाड्याच्या भागापुरते व्याज ३० टक्क्यांखेरीज वेगळे वजा होते, मुद्दल होत नाही. बँकेचा व्याजाचा दाखला जपावा.

३) घराच्या ज्या भागात आपण स्वतः राहतो, त्यास ही सूट नाही.

४) खालच्या मजल्यावर मालकाचे स्वतःचे दुकान असेल, तर त्या जागेची चालू दुरुस्ती धंद्याच्या हिशेबात प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे धरता येते.

५) नवी खोली वा मजला चढविणे ही दुरुस्ती नव्हे. मात्र पुढे घर विकताना तो खर्च घराच्या किमतीत मिळविता येतो. म्हणून ती बिले अवश्य जपून ठेवावीत.

न्यासाच्या जागांविषयी

नोंदणीकृत धर्मादाय न्यासास ही ३० टक्क्यांची सूट लागू होत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९६८ च्या परिपत्रकानुसार न्यासाचे उत्पन्न व्यवहारी हिशेबाने मोजले जाते. तेथे प्रत्यक्ष झालेला खर्च व त्याच्या पावत्या यांनाच महत्त्व असते. म्हणून न्यासाच्या कोणत्याही दुरुस्तीची पावती सभासदांनी कार्यालयात तत्काळ जमा करावी, ही विनंती.

विवरणपत्र भरण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराचे मत अवश्य घ्यावे.



— सचिव