घरचा रेडिओ आणि शिवारातला इशारा

बार्शी तालुक्यातील वैराग भागात मृगापूर्वीचा वळीव बहुधा दुपारनंतर येतो. त्या वेळी रेडिओ घरात असतो आणि माणसे शिवारात. घरात आलेला इशारा शिवारात पोहोचला नाही, तर झाडाखाली आडोशाला थांबलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवृत्त देण्यास १९४५ साली प्रारंभ केला. खात्याच्या इशाऱ्यांत पिवळा रंग लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा व तांबडा तातडीने कृती करण्याचा निदर्शक आहे.

वादळात वीजपुरवठा खंडित होतो. म्हणून रेडिओ सेलवर चालणारा असावा. घेण्यापूर्वी तो घरी लावून सोलापूर केंद्र स्पष्ट ऐकू येते की नाही, हे पाहावे. वापर नसताना सेल काढून ठेवावेत. मध्यम लहरींवर कडकड असा खरखराट वाढू लागला, तर जवळपास विजा होत असण्याचा संभव असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲपही २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते.

घरातील एका जाणत्या व्यक्तीने हवामानवृत्त नेमाने ऐकावे व शिवारातील माणसांस ताबडतोब फोन करावा. गडगडाट कानी येताच सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही व्यवस्था वळवापूर्वीच घरोघरी लावून द्यावी.