रंगवता रंगवता कळलेलं हॉक

ब्रिटनच्या हवाई दलाने १९९० च्या दशकात आपली शिकाऊ जेट विमानं काळी केली. चकचकीत, एकसंध काळी. त्याआधी ती लाल, पांढरी आणि करडी होती. लाल-पांढरं विमान लांबून जास्त उठून दिसेल असं कुणालाही वाटेल. तपासून पाहिलं तेव्हा उलटंच निघालं. आभाळ ढगाळ असो की मागे डोंगर असो, दिवसाउजेडी सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं ते काळं विमान. रंगांचे पट्टे लांबून एकमेकांत मिसळतात आणि विमानाचा आकारच मोडून टाकतात. कमी उंचीवरून सुसाट जाणाऱ्या शिकाऊ पोरांच्या बाबतीत समोरच्याला वेळेत दिसणं हा जिवाचा प्रश्न असतो.

हे मला कळलं ते सिम्युलेटरमधल्या हॉकला, म्हणजे त्याच शिकाऊ जेटला, काळा रंग द्यायला बसलो तेव्हा. काळाच का, एवढाच प्रश्न होता. उत्तर शोधता शोधता एका विमानाचा अख्खा इतिहास हाती लागला. दीड दशकाहून जास्त काळ मी हे विमान उडवतोय आणि रंगवतोय, आणि या काळात माझं एक मत पक्कं झालंय: उडवून विमान जेवढं कळतं, त्याहून जास्त ते रंगवताना कळतं. उडवताना नजर समोर आणि घड्याळांवर असते. रंगवताना मात्र प्रत्येक झाकणापाशी थांबून हे कशासाठी आहे, असं विचारावं लागतं.

सुरुवात एफएसएक्सपासून झाली. मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर एक्स ऑक्टोबर २००६ मध्ये आलं आणि त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरना ते अजिबात झेपेना. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने ते बनवणारा एसेस स्टुडिओच बंद केला. सगळं संपलं असं वाटण्याजोगी ती बातमी होती, पण झालं वेगळंच. मूळ मालकाने सोडलेलं हे सिम जगभरच्या हौशी मंडळींनी आणि छोट्या कंपन्यांनी पुढे दहा वर्षं जिवंत ठेवलं. लॉकहीड मार्टिनने त्याच पायावर २०१० मध्ये प्रिपेअर्ड (Prepar3D) काढलं. २०१४ च्या शेवटी एफएसएक्स स्टीमवर परत विक्रीला आलं. ॲड-ऑनचा, म्हणजे सिमला बाहेरून जोडायच्या विमानांचा, सुवर्णकाळ मी यालाच म्हणतो.

हॉकची माझी पहिली ओळख हौशी लोकांनी बनवलेल्या फुकटच्या मॉडेलवर झाली. डावी आणि उजवी बाजू एकाच चित्रावरून रंगायची, त्यामुळे एका बाजूला आकडे सरळ आले की दुसरीकडे उलटे उमटणार हे ठरलेलं. मग जस्ट फ्लाइट या कंपनीचं हॉक टी१ आलं आणि कामाला खरी खोली आली.

त्या दिवसांतलं रंगकाम कसं चालायचं ते सविस्तर सांगतो, कारण नव्या मुलांना ते आता बघायलाही मिळत नाही. विमानाची कातडी सोलून सपाट पसरल्यासारखं एक चित्र असतं, ते म्हणजे टेक्स्चर. धड एका तुकड्यात, पंख दुसऱ्यात, शेपटी कुठेतरी कोपऱ्यात. फोटोशॉप किंवा जिंपमध्ये त्यावर थरावर थर चढवायचे: तळाशी रंग, वर पत्र्याचे सांधे, त्यावर रिव्हेट, मग सूचनांची बारीक अक्षरं, शेवटी मळ आणि धुराचे डाग. झालेलं चित्र डीडीएस फाइलमध्ये जतन करायचं, तेही उभं उलटं करून. कारण एफएसएक्स ते डोक्यावर उभं केलेलंच वाचतं. नवं टेक्स्चर फोल्डर करायचं, aircraft.cfg मध्ये एक नवा परिच्छेद जोडायचा, त्याला पुढचा क्रमांक द्यायचा आणि सिम पुन्हा सुरू करायचं. सुरू व्हायला पाच-सात मिनिटं. मग कळायचं की पट्टा धडावरून पंखाच्या मुळाशी जाताना दोन पिक्सेलने सरकलाय.

हा पट्टा जुळवणं हीच खरी परीक्षा. रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाचं लाल हॉक बघायला सोपं वाटतं: लाल अंग आणि त्यावर धडाच्या लांबीने धावणारी पांढरी रेघ. पण ती रेघ सपाट चित्रात एकसलग नसतीच. इनटेकच्या फुगीर भागावर चित्र ताणलं जातं, म्हणून तिथे मुद्दाम वाकडी काढावी लागते, तेव्हा विमानावर ती सरळ दिसते. हे करता करता हॉकचं अंग हाताखाली येतं. इनटेक धडाला चिकटून का नाहीत, मध्ये फट का ठेवलीय? कारण धडाला घासून येणारी मंदावलेली हवा इंजिनात जायला नको. मागची बैठक पुढच्यापेक्षा एवढी वर का? मागे बसलेल्या प्रशिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसायला हवी. काचेच्या छतावर ती नागमोडी रेघ कसली? ती स्फोटक दोरी आहे. वैमानिकाने आसनाची कडी ओढली की आधी काच फुटते आणि मग मार्टिन-बेकरचं आसन बाहेर झेपावतं. नुसतं उडवत राहिलो असतो तर त्या रेघेकडे माझं कधीच लक्ष गेलं नसतं.

उडवण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण हॉक उडवायला फार सच्चं विमान आहे. पहिलं उड्डाण २१ ऑगस्ट १९७४ ला डन्सफोल्डहून, १९७६ पासून वेल्समधल्या व्हॅली तळावर, आणि १९८० च्या हंगामापासून रेड ॲरोजकडे. त्याआधी रेड ॲरोज नॅट उडवत. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या लढायांत नाव काढलं ते याच नॅटचं लढाऊ रूप. हॉकला एकच अडूर इंजिन, आफ्टरबर्नर नाही. थ्रॉटल मागे ओढून ठेवला आणि ऐनवेळी पुढे केला तर जोर यायला काही क्षण जातात, आणि उतरताना तेवढे क्षण हातात नसतात. त्यामुळे पुढचा विचार आधी करायची सवय लागते. टी१ च्या नाकाच्या चाकाला सुकाणूसुद्धा नाही. जमिनीवर वळायचं तर डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबायचा.

माझं आवडतं उड्डाण ठरलेलं आहे. व्हॅलीहून निघायचं, दक्षिणेला वळायचं आणि डॉल्गेथली ते माखंथलेथ यांच्यामधल्या दऱ्यांत शिरायचं. जगभरचे फोटोग्राफर जिथे डोंगरावर चढून बसतात आणि विमानं त्यांच्या पायाखालून जातात, तो हा माक लूप. उंची २५० फूट, वेग ४२० नॉट. हा आकडा उगाच निवडलेला नाही: ४२० नॉट म्हणजे मिनिटाला बरोबर सात सागरी मैल. नकाशावर रेघ मारायची, त्यावर मिनिटांच्या खुणा करायच्या, स्टॉपवॉच सुरू करायचं. तिसऱ्या मिनिटाला तळं डाव्या हाताला आलंच पाहिजे. जीपीएस बंद ठेवून हे करून बघा. तळं जिथे हवं तिथे येतं तेव्हा होणारा आनंद मला स्वयंचलित यंत्रणांनी भरलेल्या कुठल्याही प्रवासी जेटने दिलेला नाही.

या विमानात जीव अडकायचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या घरचं आहे. भारतीय हवाई दलाला प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं, ही शिफारस एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये केली होती. करारावर सह्या व्हायला मार्च २००४ उजाडलं. मधल्या बावीस वर्षांत किरण या साध्या शिकाऊ जेटवर शिकलेली मुलं थेट मिग-२१ वर जात राहिली. किरण शांत, समजूतदार. मिग-२१ चाकं टेकवतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर. दोन्हींच्या मधली पायरीच नव्हती. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ कोसळून गेले आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी हवाई सुरक्षेचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं लावून धरला. मराठी घरांत ‘ट्रेनर जेट’ हा शब्द पोचला तो बराचसा त्यांच्यामुळे. करार ६६ विमानांचा होता: २४ इंग्लंडहून येणार, बाकीची हिंदुस्तान एरोनॉटिक्स इथे बांधणार. फेब्रुवारी २००८ मध्ये हॉक बिदरच्या तळावर रीतसर दाखल झालं. बिदर म्हणजे उदगीर-देगलूरकरांचा शेजारच.

म्हणून २०१५ मध्ये भारतीय हवाई दलाचं सूर्यकिरण हे कसरती पथक हॉकवर परत उभं राहिलं, तेव्हा मित्रांकडून एकच मागणी येऊ लागली: सूर्यकिरणचा रंग कर. किरणची टंचाई म्हणून २०११ मध्ये थांबलेलं पथक पुन्हा आकाशात आलं होतं; आनंद मलाही झाला होता. तरी तो रंग मी टी१ वर चढवला नाही. आपलं हॉक एमके १३२ आहे. त्याचं नाक लांब, कॉकपिटमध्ये हेड-अप डिस्प्ले आणि रंगीत पडदे. टी१ मध्ये सगळी गोल घड्याळं. दुसऱ्यांनी केलेला लाल-पांढरा रंग मी उतरवून घेतला, उडवला, डोळे भरून पाहिला. ज्याने तो केला त्याचं प्रेम खरंच होतं. पण माझ्या मते रिपेंट हा दस्तऐवज असतो. अमुक क्रमांकाचं विमान अमुक वर्षी असं दिसायचं, एवढं तरी त्याने खरं सांगावं. एमके १३२ चं चांगलं मॉडेल कुणी बनवलं, तर केशरी-पांढऱ्या-हिरव्या गोलापासून मी कामाला लागेन.

१८ ऑगस्ट २०२० ला नवं मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटर आलं आणि रंगाऱ्यांची भाषाच बदलली. आता नुसता रंग देऊन भागत नाही. पृष्ठभाग कसा आहे तेही सांगावं लागतं. एका वेगळ्या चित्राच्या हिरव्या चॅनलमध्ये खरखरीतपणा, निळ्यात धातूपणा, लाल चॅनलमध्ये खोबणीतली सावली. प्रत्येक फाइलची नोंद लेआउट डॉट जेसनमध्ये हवी, नाहीतर रंग दिसतच नाही. जस्ट फ्लाइटने टी१ इथेही आणलं आणि व्हॅलीचं काळं हॉक मी पुन्हा पहिल्यापासून केलं. जुनी फाइल ओढून आणून जमण्यासारखं नव्हतं. ठार काळा म्हणजे ०-०-० दिला तर सांधे, झाकणं, वळणं सगळं गिळलं जातं. तिन्ही आकडे ३० च्या आसपास ठेवले आणि चकाकी खरखरीतपणाच्या थरातून आणली, तेव्हा वेल्सचं पांढुरकं आभाळ पाठीवर उतरलं. इंजिनमागच्या पत्र्याला तीच चकाकी दिली तर तो खोटा वाटतो. तिथे उष्णतेने रंग मरतो, म्हणून तेवढ्या जागी खरखर वाढवली. काळ्यावर मळ काळा दाखवून चालत नाही, तो फिकट लागतो. पायाने घासलेला पंख करडा दिसतो.

या सगळ्या काळात गेलेलं कामही पुष्कळ आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. एका लढाऊ सिमसाठी बनलेलं हॉक निर्मात्यांनी हात काढून घेतल्यावर पुढच्या आवृत्तीत उडेनासं झालं. त्यावर लोकांनी केलेले रंग त्याच्याबरोबर गेले. एफएसएक्ससाठी रात्री जागून केलेले शेकडो रंग आज फारसे कुणाच्या मशीनवर उघडत नाहीत. ते कुणी पैशांसाठी केले नव्हते. निवृत्त मेकॅनिकांनी क्रमांकांच्या जागा सांगितल्या, कुणी वडिलांच्या स्क्वॉड्रनचे फोटो पाठवले, कुणी शेपटीवरचं चिन्ह पाच वेळा दुरुस्त करून घेतलं. त्यात साठलेली माहिती पुस्तकांत सापडायची नाही.

मार्च २०२२ च्या अखेरीस रेड ॲरोज वगळता ब्रिटिश दलातून टी१ निवृत्त झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिमची आणखी नवी आवृत्ती आली आणि लिव्हरींची, म्हणजे विमानांच्या रंगांच्या फाइलींची, मांडणी पुन्हा बदलली. सध्या मी एक्सएक्स१५४ करतोय. १९७४ मध्ये उडालेलं पहिलं हॉक ते हेच. पुढे बॉस्कम डाउनला चाचणी-वैमानिकांच्या शाळेत ते लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगात उडायचं. निळा आणि लाल भाग जिथे भेटतात, तिथली पांढरी कड इनटेकच्या फुगीर भागावर अजून नीट बसलेली नाही.