स्मृतिक्रमदोष, संगणकीय

स्मृतिक्रमदोष, संगणकीय : अनेक प्रक्रियक म्हणजेच प्रोसेसर एकच स्मृती वापरीत असताना, एकाने स्मृतीत केलेल्या नोंदी दुसऱ्यास निराळ्या क्रमाने दिसल्यामुळे उद्‌भवणारा दोष. परिचालन प्रणालीच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये तो विशेष घातक ठरतो. संगणकाची सर्व साधने गाभ्याच्या ताब्यात असतात आणि इतर सर्व आज्ञावली त्याच्यावर विसंबून असतात. त्यामुळे तेथे झालेल्या एका चुकीच्या वाचनाने भलत्याच आज्ञावलीची माहिती गहाळ होऊ शकते किंवा सबंध यंत्र ठप्प होऊ शकते.

प्रक्रियकाच्या वेगाच्या मानाने मुख्य स्मृती फार मंद असते. म्हणून प्रक्रियक आपल्या नोंदी प्रथम स्वतःजवळच्या एका लहानशा रांगेत ठेवतो व त्या स्मृतीत पोचण्याची वाट न पाहता पुढच्या आज्ञांकडे वळतो; पुढची वाचनेही सवडीनुसार आधी उरकून घेतो. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरही अशीच फिरवाफिरव करतो. एकट्या प्रक्रियकाला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्यापुरता परिणाम बरोबरच येतो. घोटाळा होतो तो दुसरा प्रक्रियक त्याच जागा वाचू लागतो तेव्हा.

समजा, नाशिकच्या एका व्यापाऱ्याने द्राक्षांच्या पेट्या मालमोटारीने मुंबईच्या गुदामाकडे रवाना केल्या आणि लगेच अडत्याला दूरध्वनीवरून ‘माल आला, विका’ असे कळविले. निरोप मोटारीच्या आधी पोचतो आणि अडत्या गुदामातील जुन्याच पेट्या विकून मोकळा होतो. यावर उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. व्यापाऱ्याने पोच मिळाल्यावाचून निरोप देऊ नये आणि अडत्यानेही सकाळी केलेल्या मोजणीवर न विसंबता निरोपानंतरच गुदाम पाहावे. संगणकात हे काम स्मृति-अडसर या खास आज्ञा करतात. अडसराच्या अलीकडील व्यवहार पलीकडील व्यवहारांच्या आधी घडल्याचे दिसले पाहिजे, असे बंधन ते घालतात. एकाच बाजूला घातलेला अडसर बहुधा निरुपयोगी असतो. त्याची जोडी दुसऱ्या बाजूला असावीच लागते.

लिनक्स या परिचालन प्रणालीत २०२२ मध्ये सापडलेला दोष या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या गाभ्यात पुढे ढकललेली कामे एका कार्य-रांगेत लावली जातात व प्रत्येक कामासाठी ‘प्रलंबित’ अशी एक खूण असते. काम सोपविणारा प्रक्रियक आधी माहिती लिहितो आणि मग खूण करावयास जातो. ती आधीच केलेली आढळल्यास काम रांगेत आहेच असे समजून तो परततो. काम करणारा प्रक्रियक याच्या उलट आधी खूण पुसतो व नंतर माहिती वाचतो. दोघांनी हा क्रम पाळला, तर एक तर नवी माहिती दुसऱ्यास दिसते किंवा पहिल्यास खूण पुसलेली आढळते. दोन्ही हुकणे शक्य नसते. खूण तपासून ती करणारी जी क्रिया, ती प्रत्येक प्रसंगी क्रम राखील असे तिच्या लेखी वर्णनात नमूद होते. परंतु २०१८ मध्ये झालेल्या तिच्या पुनर्लेखनात, खूण आधीच असेल तर क्रम न राखता तात्काळ परतण्याची एक आडवाट होती. ॲपल कंपनीच्या एम१ प्रक्रियकावर लिनक्स चालविण्याच्या असाही प्रकल्पातील हेक्टर मार्टिन यांना टर्मिनलकडे येणारी माहिती मध्येच अडकून राहत असल्याचे आढळले. लिहिलेली माहिती इतरांस दिसण्यापूर्वीच प्रक्रियक खुणेचे वाचन उरकीत होता. जुनी खूण पाहून तो परते आणि दुसऱ्या बाजूस माहिती दिसलेली नसे. प्रथम कार्य-रांगेतच अडसर घालण्याची सूचना पुढे आली. पण त्याच आश्वासनावर विसंबलेल्या गाभ्यातील इतर भागांना तिचा उपयोग झाला नसता. अखेरीस ऑगस्ट २०२२ मध्ये ती आडवाटच काढून टाकण्यात आली. दिसेल तेथे अडसर घालीत सुटण्यापेक्षा कोणते आश्वासन कोठे मोडले हे शोधणे किती महत्त्वाचे, हे यावरून दिसते.

असे दोष वर्षानुवर्षे लपून राहतात, कारण सर्व प्रक्रियकांचे नियम सारखे नसतात. इंटेलच्या एक्स-८६ कुलातील यंत्रे सामान्यतः एवढीच मोकळीक घेतात, की नोंदीनंतरचे दुसऱ्या जागेचे वाचन त्या नोंदीच्या आधी होऊ शकते. एआरएम कुलातील यंत्रे पुष्कळ अधिक सैल आहेत, तर १९९२ मध्ये आलेल्या अल्फा प्रक्रियकावर पत्ता नवा आणि त्या पत्त्यावरील मजकूर जुना, असा चमत्कारिक प्रकारही संभवत असे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक ट्रान्सप्युटरची स्मृती स्वतंत्र असून देवाणघेवाण संदेशांद्वारे होई. त्यामुळे सामायिक स्मृतीचा हा प्रश्न तेथे त्या रूपात उद्‌भवतच नव्हता.

सर्व व्यवहार जणू एकाच रांगेत, प्रत्येक आज्ञावलीच्या क्रमाने घडले असे दिसणे, ही आदर्श अवस्था लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये व्याख्याबद्ध केली. ती सर्वत्र पाळणे यंत्राला महाग पडते. पवई येथील आयआयटी मुंबईच्या १९८७ च्या पदवीधर सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये यातून मार्ग दाखविला : आज्ञावलीकाराने समन्वयाच्या जागा स्पष्ट दर्शवून आपसांतील शर्यती टाळाव्यात, मग यंत्र आदर्श क्रमाचा आभास राखील. जावा व सी++ या भाषांचे स्मृतिविषयक नियम याच विचारावर उभे आहेत व त्यांच्या घडणीतही अडवे यांचा वाटा आहे. गाभ्याचे लेखक मात्र वेगासाठी कुलूप न लावता सामायिक स्मृती मुद्दाम हाताळतात. त्यांच्यासाठी लिनक्सचे औपचारिक स्मृतिप्रतिमान २०१८ मध्ये गाभ्याच्या मूळ संहितेत समाविष्ट झाले. छोट्या नमुना-आज्ञावलींचे संभाव्य निष्कर्ष हर्ड या साधनाने त्यावर पडताळता येतात. चालू गाभ्यातील शर्यती हुडकणारे केसीसॅन हे साधन २०२० मध्ये आले. चाचणीच्या वेळी जी शर्यत घडलीच नाही, ती मात्र त्यालाही दिसत नाही. म्हणूनच तो अडसर कोणत्या अडसराची जोडी आहे हे शेजारी टीपेत लिहावे, असा गाभ्याच्या लेखकांत दंडक असून, टीप नसल्यास मजकूर तपासणारी आज्ञावली तशी सूचना देते.