मळीतली साखर

गुऱ्हाळावर तुम्ही गेलाच असाल. काहिलीत रस तापतो. गुळव्या भेंडीचे पाणी घालतो. काळसर मळी वर येते आणि तो ती झाऱ्याने काढून टाकतो.

साखर कारखान्यात रोज हजारो टन ऊस गाळतात. तिथे झारा कुठे पुरणार? तिथे रसात चुना घालतात, गंधकाचा धूर सोडतात आणि रस तापवतात. मग मोठ्या टाकीत घाण तळाशी बसते. वरचा निवळ रस पुढे जातो. खाली उरतो तो चिखलासारखा गाळ. हीच कारखान्याची मळी. (कोणी मोलॅसिसलाही मळी म्हणतात. ती निराळी.)

हा गाळ तसाच फेकला तर? त्यात रस आहे, रसात साखर आहे. आणि ती साखर ऊस घालणाऱ्याची आहे.

घरी चक्का कसा करतात? दही फडक्यात बांधतात. घाई असली तर वर दगड ठेवतात. पाट्यांची गाळणी म्हणजे अशीच ओळीने उभी केलेली फडकी. दगडाच्या जागी पंपाचा दाब, एवढेच. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्या काळी साखर कारखान्यांत अशा गाळण्या सर्रास असत.

दोन आडव्या दांड्यांवर लोखंडी पाट्या आणि पोकळ चौकटी एकाआड एक टांगतात. प्रत्येक पाटीवर कापड असते. मोठा स्क्रू फिरवून सगळे घट्ट आवळतात. पंप गाळ चौकटीत ढकलतो. रस कापडातून पाटीच्या खाचांत उतरतो आणि तोटीतून बाहेर पडतो. मळी चौकटीतच राहते.

इथे एक गंमत आहे. सुरुवातीचा रस गढूळ येतो. तो परत गाळात घालतात. थोड्या वेळाने कापडावर मळीचा थर बसतो, आणि मग रस स्वच्छ येतो. म्हणजे खरी गाळणी मळीच करते! कापड तिला नुसता आधार देते. थर फार जाड झाला की मात्र रस अडतो.

प्रत्येक पाटीला आपली तोटी असते. एकीतून गढूळ रस आला तर तिचे कापड फाटले असे समजावे. तेवढी तोटी बंद करायची, बाकीचे काम चालू राहते.

चौकटी भरल्या की त्यांतून पाणी सोडून मळीतली साखर धुऊन घेतात. पाणी कमी पडले तर साखर मळीबरोबर जाते. जास्त झाले तर ते आटवायला सरपण जळते. मग स्क्रू सैल करून मळीच्या वड्या खाली पाडतात, कापडे धुतात. उकाड्यात हे काम फार कष्टाचे. म्हणूनच बहुतेक कारखान्यांत पुढे फिरत्या पिंपाची गाळणी आली. ती मळी आतून ओढून धरते. पाट्यांची गाळणी आज रंगांच्या, औषधांच्या कारखान्यांत आणि सांडपाण्याचा गाळ पिळायला चालते.

शंभर टन उसामागे तीन-चार टन मळी निघते. तिचे खत चांगले. पण ताजी मळी कुजताना तापते, म्हणून आधी ढीग घालून दोन-तीन महिने कुजवावी.

नीट धुतली तरी शंभर किलो मळीत एक-दोन किलो साखर राहतेच. कारखान्याची प्रयोगशाळा ती रोज मोजते. सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे, “यंदा मळीत साखर किती गेली?”