पडदा निवडताना

बोलपटात सेकंदाला 24 चित्रे सरकतात आणि आपणांस ती हलती भासतात. संगणकाचा साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, खेळांसाठीचा 144 वेळा. पण संगणकच सेकंदाला 60 चित्रे पुरवीत असेल तर वरचा वेग फुकट! मी नंदुरबारला 144 चा पडदा घेतला आणि दोन महिने तो 60 वरच चालवला. सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो, हे ठाऊकच नव्हते.

घरचे मिरचीचे हिशेब मात्र वडील त्याच पडद्यावर वाचतात. तेथे वेगापेक्षा अक्षर मोलाचे. 1920 बाय 1080 ठिपके 24 इंचांत दाट बसतात, 27 इंचांत विरळ होतात. मग रफार आणि अनुस्वार खडबडीत दिसतात. म्हणून 24 इंचीच आणला. रात्री खेळ माझा.