दहा पिलांची ऊब

उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार तुम्ही शाळेत शिकला असाल. मी ते महाविद्यालयात अठरा वर्षे शिकवीत आलो आहे. तरीही एका डिसेंबरात परसात पाळण्यासाठी मी एक दिवसाची दहा पिले आणली आणि पहिल्याच रात्री त्यांतली चार दगावली. खोक्यात ६० वॅटचा दिवा होता, तापमापी होती आणि ती बरोबर ३५ अंश सेल्सिअस दाखवीत होती. मग चुकले कोठे?

आधी पिलाकडे पाहू. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला ते स्वतः टिकवता येत नाही. त्याच्या अंगावर पिसे नसतात, नुसती मऊ लव असते. शिवाय त्याचा लहान आकारही आड येतो. पिलाचे वजन ४० ग्रॅम आणि कोंबडीचे २ किलो धरा. कोंबडी पन्नास पट जड झाली. पण घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर पृष्ठफळ फक्त वर्गाच्या प्रमाणात. म्हणून तिच्या अंगाचे पृष्ठफळ पिलाच्या साडेतेरा पटींच्या आसपासच भरते. (वहीत करून पाहा.) म्हणजे दर ग्रॅम वजनामागे पिलाचे अंग साडेतीन पटींहून अधिक उघडे पडते आणि उष्णता निसटते ती त्याच वाटेने.

आता माझे खोके. साफ करायला सोपे जावे म्हणून मी त्याचा तळ काढून टाकला होता. खाली सिमेंटची फरशी आणि तिच्यावर वर्तमानपत्राचा एक कागद. तापमापी टांगली होती दिव्यापासून वीतभर अंतरावर. दिव्याचे प्रारण थेट तिच्या फुग्यावर पडत होते, तापलेली हवाही वर चढून तिच्याच भोवती जमत होती. पिले मात्र खाली होती आणि त्यांच्या पोटातली ऊब फरशी शोषून घेत होती. गारठलेली पिले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. तळाची चार थंडीने नव्हे, तर गुदमरून मेली.

सकाळी शेजारच्या आजी आल्या. त्यांचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेला. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, त्या काचेच्या नळीकडं काय बघत बसला? पिलांकडं बघा की."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. ऊब कमी पडली तर पिले दिव्याखाली गोळा होतात आणि कर्कश चिवचिवतात. जास्त झाली तर दिव्यापासून दूर पळतात, चोच उघडून धापा टाकतात. सारीकडे सारखी पांगून दाणे टिपत असतील, तर ठीक चालले आहे असे समजावे. तापमापी वापरायचीच तर ती पिलाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावी. पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करीत जावे. पाच-सहा आठवड्यांत पिसे येतात आणि दिव्याची गरज संपते.

मी चौकोनी खोके टाकून पुठ्ठ्याचे गोल कडे केले, कारण कोपरा नसला की दाटी होत नाही. खाली चार बोटे जाडीचा भाताच्या तुसाचा थर दिला. तुसांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. आणि दिवा तारेचाच घ्या. एलईडी दिवा तेवढाच उजेड थोड्या वॅटमध्ये देतो, म्हणून विजेच्या बिलाला चांगला, पिलांना निरुपयोगी! वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पिलांनाच नव्हे, तुम्हालाही मारील.

हा सारा खटाटोप टाळायचा असेल, तर निवडीतच विचार करावा. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, आपली गावठी कोंबडी साठ-सत्तर. पण गावठी कोंबडी खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि पुढे पिलांना पंखाखाली घेते. लेगहॉर्नमध्ये पिढ्यानपिढ्या अधिक अंडी देणाऱ्याच कोंबड्या निवडल्या गेल्या आणि खुडूक बसण्याची सवय जवळजवळ नाहीशी झाली. तिची पिले म्हणजे दिवा आलाच. पहिल्यांदा पाळणाऱ्याने सहा-आठ आठवड्यांच्या, पिसे आलेल्या पाच-सहा तलंगा घ्याव्यात, असे माझे मत आहे. मानमोडीची लस दिलेली आहे ना, हे विकणाऱ्याला जरूर विचारा. हा रोग आला की एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. माझ्या उरलेल्या सहांत दोन कोंबडे निघाले आणि पहाटे चारच्या त्यांच्या आरवण्याने शेजारी हैराण झाले.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासाबरोबर पाण्याची वाफ बाहेर टाकते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५७५ कॅलरी उष्णता शरीरातून जाते. पण धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणून मे महिन्यात ते पातळ निघते. विदर्भाच्या कोरड्या हवेत खुराड्याभोवती ओले गोणपाट लावले की आत चांगला गारवा येतो. कोकणात हवाच दमट असल्याने पाणी सावकाश उडते, तेथे गोणपाटापेक्षा दाट सावली आणि वारा खेळता ठेवणारी जाळी अधिक उपयोगी. पाणी मात्र दोन्हीकडे थंड हवे, म्हणून मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे आणि दुपारी एकदा बदलावे.